रुग्णालयातील खेळती हवा

गावात नवे रुग्णालय उभे राहिले, की उद्घाटनाच्या दिवशी देणगीदारांना इमारत दाखवण्याची एक ठरलेली वाट असते. प्रवेशद्वारापाशी गुळगुळीत फरशी, समोरच्या भिंतीवर दात्यांच्या नावांचा फलक, मग लिफ्ट, सोनोग्राफीचे यंत्र, डायलिसिसचा विभाग आणि अखेरीस वातानुकूलित खोल्या. पाहुणे समाधानाने मान डोलावतात. ते योग्यच आहे. औषधदानाला आपल्या समाजात फार जुना मान आहे आणि त्यातूनच कित्येक गावांत दवाखाने उभे राहिले. मात्र या फेरीत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या खोलीतील हवा येते कोठून आणि जाते कोठे?

अनेक ठिकाणी त्याचे खरे उत्तर असे असते, की ती कोठून येतही नाही आणि कोठे जातही नाही. भिंतीवर बसवलेला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून घेतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेर गच्चीवर किंवा सज्जावर ठेवलेले त्याचे यंत्र फक्त उष्णता बाहेर टाकते. दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या नळीतून शीतकारक फिरतो, हवा नव्हे. दारे-खिडक्या बंद करून असा एसी लावला, की खोली थंड होते, पण ताजी होत नाही. घरी एकट्या माणसाच्या शयनगृहात याने फारसे बिघडत नाही. परंतु जेथे दहा खाटा, दहा रुग्ण, त्यांचे दहा नातेवाईक आणि अधूनमधून भेटीला येणारी मंडळी एकच हवा वाटून घेतात, तेथे गोष्ट वेगळी होते.

हवेत तरंगणारे सूक्ष्म जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची वाहने आपल्या परिचयाची आहेत. सकाळी ओसरीत पडलेल्या कवडशात नाचणारे कण प्रत्येकाने पाहिलेले असतात. गोदामात रिकामे पोते झटकले म्हणजे उडणारी धूळ किती वेळ खाली बसत नाही, हेही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. या कणांतील काही धूळ असते, काही कपड्यांचे तंतू आणि बरेचसे आपल्याच त्वचेचे पापुद्रे. एका माणसाच्या अंगावरून दिवसाला सुमारे एक कोटी असे पापुद्रे गळतात आणि त्यांतील काहींवर जिवाणू स्वार झालेले असतात. त्यांखेरीज बुरशीचे बीजाणू असतात, आणि खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडताना बाहेर पडणारे थेंब असतात.

येथे आकार फार महत्त्वाचा ठरतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. शंभर मायक्रॉनचा थेंब तोंडातून निघाल्यावर काही क्षणांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला उभ्या माणसाच्या तोंडापासून जमिनीपर्यंत यायला, हवा अगदी स्थिर असली तरी, अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला सुमारे बारा तास. आणि पंखे फिरत असलेल्या, माणसे ये-जा करणाऱ्या वॉर्डात हवा कधीच स्थिर नसते. क्षयाचे जंतू याच बारीक कणांतून फिरतात व फुप्फुसाच्या थेट तळाशी जाऊन पोहोचतात.

जैन वाचकाला या ठिकाणी वायुकायिक जीवांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण दोहोंची गल्लत करू नये. वायू हेच ज्यांचे शरीर, त्या जीवांचा विचार शास्त्रांचा आहे. सूक्ष्मजीवशास्त्र ज्यांच्याविषयी बोलते, ते हवेचे बनलेले नसून हवेवर आरूढ झालेले असतात. एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. हवेतून पसरणाऱ्या रोगांपासून बचाव करण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय जंतूंना मारण्याचा नाही, त्यांना विरळ करण्याचा आहे.

हे शहाणपण नवे नव्हे. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णशुश्रूषेवर लिहिले, तेव्हा रुग्णाच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणे, आणि तेही रुग्णाला गारठू न देता, ही त्यांनी पहिली अट मानली होती. त्यांची कारणमीमांसा दूषित वाफांच्या जुन्या कल्पनेवर आधारलेली होती. उपाय मात्र अचूक होता. पुढे जंतूंचा शोध लागला आणि गंमत अशी, की शोध पुढे गेला तसा हवेचा विचार मागे पडला. १९१० साली अमेरिकेतील आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी रोग मुख्यतः स्पर्शाने व जवळच्या थेंबांनी पसरतात, हवेची भीती अवास्तव आहे, असे ठामपणे मांडले. त्यांच्या काळी त्या मताने हात धुण्याची सवय लावली, हा त्याचा मोठा लाभ. पण वैद्यकाने ते मत इतके पक्के धरले, की पुढची कित्येक वर्षे ‘हवेतून’ हा शब्दच अवैज्ञानिक वाटू लागला. २०२० च्या जुलै महिन्यात २३९ शास्त्रज्ञांना खुले पत्र लिहून कोरोना हवेतूनही पसरतो याची दखल घ्या, अशी विनंती करावी लागली, त्याची मुळे इतकी मागे जातात.

या मताला आव्हान देणारे विल्यम वेल्स हे मूळचे स्वच्छता-अभियंते. बारीक थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतात आणि उरलेला कण जंतूसह तरंगत राहतो, हे त्यांनी १९३४ साली मांडले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. मग त्यांनी व त्यांचे शिष्य डॉ. रिचर्ड रायली यांनी १९५६ च्या सुमारास बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक प्रयोग उभारला. क्षयरुग्णांच्या सहा खोल्यांच्या वॉर्डातील सगळी हवा नळाने वर गच्चीवरील एका बंदिस्त खोलीत नेली. त्या खोलीत सुमारे दीडशे गिनीपिग ठेवले होते. रुग्णांशी त्यांचा कसलाच संबंध नव्हता. ना स्पर्श, ना भांडी, ना कपडे. संबंध फक्त हवेचा. दोन वर्षांत दर महिन्याला सरासरी तीन प्राण्यांना क्षयाची बाधा झाली. पुढे दोन खोल्या करण्यात आल्या. एकीत तीच हवा जशीच्या तशी सोडली, दुसरीत जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील किरण टाकले. पहिल्या खोलीत लागण होत राहिली. दुसरीत एकालाही झाली नाही. मुक्या जीवांवर केलेल्या अशा प्रयोगाविषयी वाचताना आपल्या वाचकांना खटकेल, आणि ते खटकलेच पाहिजे. पण क्षय हवेने पसरतो हे वादातीतपणे सिद्ध झाले ते येथेच, हेही सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या प्रयोगातून निघालेला एक आकडा मला फार बोलका वाटतो. लागण घडवू शकेल असा कण सरासरी सुमारे अकरा-बारा हजार घनफूट हवेत एक, इतकाच होता. ऐकायला नगण्य. परंतु शांत बसलेला माणूसही तासाला सोळा-अठरा घनफूट हवा श्वासावाटे आत घेतो. आठ तासांच्या पाळीचा हिशेब मांडला, तर ऐंशी-पंचाऐंशी पाळ्यांत तो एक कण वाट्याला येतो. म्हणजे तीन महिन्यांत एका परिचारिकेच्या. एकदाच भेटायला आलेल्या पाहुण्याला धोका अल्प, आणि रोज तेथे राबणाऱ्या आयाबाई, वॉर्डबॉय, परिचारिका यांना तो पुंजीसारखा साठत जाणारा. रुग्णालयाच्या हवेचा विचार करताना आपण रुग्णाचा करतो, डॉक्टरांचा करतो; झाडलोट करणाऱ्यांचा क्वचितच.

हवा कोठे जाईल याचा अंदाज केवळ पाहून येत नाही. १९७० च्या जानेवारीत जर्मनीतील मेशेडे गावच्या रुग्णालयात पाकिस्तानातून परतलेला एक तरुण दाखल झाला. त्याला वेगळ्या खोलीत ठेवले होते. निदान देवीचे निघाले, आणि काही दिवसांत रुग्णालयाच्या तिन्ही मजल्यांवरील, त्याचे तोंडही न पाहिलेल्या लोकांना देवी आल्या. पुढे तपासासाठी त्या खोलीत धूर सोडून पाहिला. तो जिन्यातून वर चढला. किंचित उघड्या खिडकीतून बाहेर पडून भिंतीलगत वर सरकला आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पुन्हा आत शिरला. म्हणून नुसती एक खिडकी उघडून भागत नाही. हवा एका बाजूने आत यावी, दुसऱ्या बाजूने निघून जावी आणि ती जाताना दुसऱ्याच्या खाटेवरून जाऊ नये, असा मार्ग आखावा लागतो. संसर्गजन्य रुग्णाच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात तो याचसाठी. दार उघडले तरी हवा बाहेर न येता आत जाते. उदबत्तीचा धूर दाराच्या फटीपाशी धरला, की ही दिशा कोणालाही पाहता येते.

आता थोडे गणित. खोलीच्या आकारमानाइतकी ताजी हवा तासात जितक्या वेळा आत येते, त्याला तासाचे तितके ‘हवाबदल’ म्हणतात. एक हवाबदल झाला म्हणजे सगळी जुनी हवा गेली, असे मात्र नाही. नवी हवा जुनीत मिसळत राहते, म्हणून एका बदलात सुमारे ६३ टक्केच जुनी हवा जाते. घटत्या शिलकीवर घसारा काढणाऱ्यांना हे लगेच कळेल. तासाला दोन हवाबदल असतील, तर हवेतील ९९ टक्के कण जायला दोन तासांहून अधिक, म्हणजे १३८ मिनिटे लागतात. सहा असतील तर ४६ मिनिटे. बारा असतील तर २३. जागतिक आरोग्य संघटनेने नैसर्गिक वायुवीजनासाठी २००९ साली दिलेल्या मार्गदर्शनात सामान्य वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर आणि हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या कक्षासाठी १६० लिटर हवा सांगितली आहे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दहा खाटांच्या वॉर्डाला हे माप लावले, तर मिनिटाला सुमारे १,२७० घनफूट ताजी हवा लागते, म्हणजे तासाला जवळजवळ तेरा हवाबदल. खिडक्या बंद असलेल्या वॉर्डात चार स्प्लिट एसी बसवले तरी या हिशेबात त्यांची जमा शून्यच राहते.

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील सत्तर खोल्यांत हे प्रत्यक्ष मोजले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला २८ हवाबदल मिळाले. बंद असताना मिळत होते त्याच्या अठरा पट. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत ४० हवाबदल होत होते. नव्या, बुटक्या छताच्या इमारतींत १७. यंत्रांनी हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांना १२ चा दर धरून संशोधकांनी अंदाज मांडला, की उपचार न घेतलेल्या क्षयरुग्णांबरोबर चोवीस तास राहिल्यास अशा यांत्रिक खोलीत ३९ टक्के लोकांना बाधा होईल, नव्या खिडकीवाल्या खोल्यांत ३३ टक्के, आणि जुन्या इमारतींत ११ टक्के. ज्यांना आपण पाडायला निघालो आहोत, त्या इमारतींचा हा निकाल.

आपल्याकडील जुनी इस्पितळेही याच जातीची आहेत. पुण्याचे ससून किंवा मुंबईचे के.ई.एम. यांच्या जुन्या भागांत गेलेल्यांना उंच छत, लांब व्हरांडा आणि समोरासमोरच्या खिडक्या आठवतील. छताजवळच्या लहान झरोक्याला आपल्या वडिलांची पिढी ‘व्हेंटिलेटर’ म्हणत असे. आज तो शब्द अतिदक्षता विभागातील यंत्राला लागला आणि झरोका मात्र प्लायवूड ठोकून बंद झाला. क्षयासाठी पाचगणीला १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर आरोग्यधाम उभारले, तेव्हा क्षयावर औषधच नव्हते. हवा, ऊन, विश्रांती आणि आहार एवढीच शिदोरी होती. औषधे आली, हे मानवजातीचे भाग्य. त्यांच्यामागून हवा निघून गेली, याची गरज नव्हती.

शस्त्रक्रियागृहाची कथा मात्र स्वतंत्र आहे. तेथे खिडकी उघडून चालत नाही, कारण तेथे भीती रुग्णाच्या श्वासाची नसून उघड्या जखमेवर पडणाऱ्या कणांची असते. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्न्ले यांनी १९६० च्या दशकात खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, तेव्हा सुरुवातीला सुमारे सात टक्के रुग्णांच्या जखमा आतून सडत. गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष, वेगळे अंगरखे, दुहेरी हातमोजे असे करीत त्यांनी ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या चाचणीतही अतिशुद्ध हवेने असे संसर्ग निम्म्यावर आल्याचे दिसले. यावरून महागड्या ‘लॅमिनार फ्लो’ छतांची मागणी वाढली. पण २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने नंतरचे पुरावे तपासून सांगितले, की सांधेबदलात केवळ संसर्ग टाळण्यासाठी ही यंत्रणा बसवण्याची शिफारस करता येत नाही. विश्वस्त मंडळासमोर असा लाखोंचा प्रस्ताव येतो, तेव्हा हे माहीत असणे बरे. आपल्या देशात रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाने शस्त्रक्रियागृहासाठी तासाला किमान २० हवाबदल आणि त्यांतील ४ बाहेरच्या ताज्या हवेचे, असे माप दिले आहे. ते पाळणे आणि शस्त्रक्रिया चालू असताना आतील माणसांची संख्या व दाराची उघडझाप कमी ठेवणे, हे आधी. फॉर्मेलिनची धुरी देण्याची आपल्याकडची जुनी पद्धत तर सोडूनच द्यावी. तो वायू कर्करोगकारक ठरला आहे, आणि दुसऱ्या दिवशी माणसे आत आली की पापुद्रेही पुन्हा येतातच.

बुरशीबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा संबंध देणगीशीच येतो. रुग्णालय चालू ठेवूनच वर नवा मजला चढवणे ही आपल्याकडची नेहमीची रीत. फोडकामाची धूळ उडते, तिच्यासोबत अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू उडतात. धडधाकट माणूस ते रोज श्वासातून घेतो व त्याला काही होत नाही. परंतु रक्ताच्या कर्करोगाचा, मूत्रपिंड बदललेला किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेला रुग्ण त्याने दगावू शकतो. बांधकाम आणि वॉर्ड यांमध्ये छतापर्यंत पक्का पडदा, फोडकाम करताना पाण्याचा शिडकावा, राडारोड्यासाठी वेगळा जिना आणि अशा रुग्णांचे आधीच स्थलांतर, एवढे तरी कंत्राटात लिहून घ्यावे. अशाच रुग्णांच्या खोलीत मातीच्या कुंड्या नेऊ नयेत. आणि वॉर्डातील तसबिरीपुढे उदबत्ती लावणेही थांबवलेले बरे. तिचा धूर दम्याच्या रुग्णाच्या वाट्याला जातो.

हवा मोजण्याची साधने आता सामान्यांच्या आवाक्यात आली आहेत. प्रयोगशाळेतील रीत अशी : जंतू वाढवण्याच्या खाद्याची उघडी बशी जमिनीपासून एक मीटर उंच, भिंतीपासून एक मीटर दूर, एक तास ठेवायची आणि नंतर तिच्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. तिच्यात जड कणच अधिक पडतात, ही तिची मर्यादा. त्याहून सोपे साधन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे मापक. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग हा वायू असतो, आणि आपल्या उच्छ्वासात जवळजवळ ४०,०००. बाह्यरुग्ण विभागात मापक १,२०० दाखवीत असेल, तर तेथील प्रत्येक पन्नासावा श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. २,००० असेल तर प्रत्येक पंचविसावा. हे मापक जंतू मोजत नाही, पण हवा खेळते की नाही हे मिनिटभरात सांगते. ज्यांना खेळत्या भांडवलाचे महत्त्व पटवावे लागत नाही, त्यांनी हा आकडा आपल्या पेढीत व शोरूममध्येही एकदा पाहावा.

खिडक्या उघडा म्हणणे सोपे, पण विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी, डासांच्या हंगामात किंवा हमरस्त्याच्या धुरात ते कसे करावे, ही अडचण खरी आहे. जाळ्या बसवता येतात. खानदेश-विदर्भातील वॉर्डांत दिसणारा साधा कूलर, समोरची खिडकी उघडी ठेवल्यास, बाहेरची हवा सतत आत आणतो आणि या बाबतीत बंद खोलीतील एसीपेक्षा सरस ठरतो. फक्त त्याची टाकी वेळच्या वेळी रिकामी करून घासली पाहिजे. साचलेले पाणी हवेत उडवणारी यंत्रणा किती घातक ठरू शकते, ते १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर पसरलेल्या न्यूमोनियाने जगाला दाखवले. एसी हवाच असेल, तर बाहेरची हवा गाळून आत आणणारा पंखा आणि दूषित हवा काढणारा पंखा त्यासोबत बसवावा लागतो. विजेचे बिल वाढते, हे खरे. गर्दीच्या प्रतीक्षालयात छताजवळ अतिनील दिवे आणि हवा वरखाली करणारे पंखे हाही एक मार्ग आहे. लिमा येथेच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्राण्यांतील क्षयाची लागण त्याने ३५ टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांवर आली. त्यातही दिवा लावणाऱ्याला त्याचे शास्त्र माहीत हवे, नाही तर डोळे आणि त्वचा भाजते.

केंद्र सरकारने हवेतून होणारा संसर्ग रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना २०१० सालीच काढल्या आहेत. खोकणाऱ्या रुग्णाला रांगेतून लगेच वेगळे काढणे, त्याला मास्क देणे, त्याची तपासणी आधी उरकणे, प्रतीक्षालय उघड्या व्हरांड्यात ठेवणे, अशा त्या आहेत. यांतील बहुतेकांना पैसा लागत नाही. विश्वस्तांच्या बैठकीत जमाखर्चानंतर पाच मिनिटे काढून इतके विचारता येईल : वॉर्डात तासाला किती हवाबदल होतात, ते कोणी व कधी मोजले, एसीच्या जाळ्या शेवटच्या केव्हा धुतल्या, आणि ज्या खिडक्या रंग लावून किंवा खिळे ठोकून कायमच्या बंद केल्या आहेत, त्या किती आहेत.